हिरवा कंदील कोण दाखवतो?

दौंडला माझी उभी नोकरी गार्ड म्हणून गेली. आधी मालगाड्या, मग पॅसेंजर, अखेरीला मेल-एक्स्प्रेस. हिरवा कंदील दाखवणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं आणि त्या कामाचा पगार खाल्लेला माणूस म्हणून या कंदिलाबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे, असं मी समजतो. मंत्रिमंडळ धरणाला हिरवा कंदील दाखवतं, विद्यापीठ अभ्यासक्रमाला दाखवतं, घरची वडील माणसं स्थळाला दाखवतात. पण खरा कंदील कसा होता, तो केव्हा दाखवायचा असे आणि दाखवणाऱ्याच्या अंगावर काय येई, हे विचारायला माझ्याकडे कुणी आलेलं नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

आधी वस्तू. कागदोपत्री तिचं नाव ‘हँड सिग्नल लॅम्प’. आम्ही नुसतं ‘बत्ती’ म्हणायचो. काळ्या रंगाचा पत्र्याचा डबा, तळाला रॉकेलची टाकी, मधे वात, पुढच्या अंगाला जाड फुगीर भिंग आणि मागे धरायला कडी. आत एक फिरतं नळकांडं, त्यात एक लाल आणि एक हिरवी काच बसवलेली. वरची टोपी फिरवली की हवी ती काच भिंगासमोर यायची. दोन्ही बाजूला सारल्या की पांढरा उजेड. एका ज्योतीचे तीन रंग. वात जरा जास्त वर केली की भिंगाला काजळी धरायची आणि हिरवा मळकट दिसायचा. म्हणून ड्यूटीवर निघायच्या आधी कागदाचा बोळा करून काच घासणं हा नेम होता. ज्या जुन्या गार्डाच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी पहिल्याच रात्री बजावलं होतं, “बत्ती ड्रायव्हरला दाखवायच्या आधी स्वतःकडे वळवून बघ. रंग तुला दिसला तर त्याला दिसेल.” पुढे कित्येक वर्षं माझा हात आपोआप आधी स्वतःकडे वळायचा.

ही बत्ती राहायची लाइन बॉक्समध्ये. प्रत्येक गार्डाची स्वतःची पत्र्याची पेटी असे, वर पांढऱ्या रंगात नाव आणि हेडक्वार्टर लिहिलेलं. गाडी बदलली की हमाल पेटी डोक्यावरून या व्हॅनमधून त्या व्हॅनमध्ये नेऊन ठेवत. तिच्यात बत्ती, शिट्टी, नियमांचं पुस्तक, वर्किंग टाइमटेबल, प्रथमोपचाराचं सामान, रुळावर लावायचे फटाके म्हणजे डिटोनेटर, आणि झेंडे. झेंड्यांचा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे: हिरवा एक, लाल दोन. सरकारनं आमच्या हाती एक होकार दिला होता आणि दोन नकार.

बत्ती हातात येण्याआधी डोळ्यांची परीक्षा व्हायची. रेल्वेच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायचे आणि अंधाऱ्या खोलीत एका दिव्याच्या बारीक भोकातून दिसणारे रंग सांगायचे. त्या दिव्याला एड्रिज-ग्रीन लँटर्न म्हणतात. एड्रिज-ग्रीन हे ज्या इंग्रज डॉक्टरांनी तो बनवला त्यांचं आडनाव. या परीक्षेची सुरुवात मात्र स्वीडनमधली. 1875 साली तिथं लागेरलुंडा या ठिकाणी दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. रंगांधळेपणामुळे हे घडलं असावं असा संशय होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला आला आणि त्यानं रंगीत लोकरीच्या लडी वापरून रेल्वे नोकरांची तपासणी सुरू केली. हिरवा कंदील दाखवणाऱ्याला आणि बघणाऱ्याला हिरवा नक्की दिसतो का, हे आधी तपासायचं, ही रीत तिथून जगभर गेली. मंजुरीच्या सह्या करणाऱ्यांची अशी तपासणी कुठं होत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता खरी गंमत. हिरवा रंग म्हणजे ‘खुशाल जा’ हा अर्थ रेल्वेच्या जन्माबरोबर आलेला नाही. 1830 साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली तेव्हा मार्गावर ठिकठिकाणी रेल्वेचे पोलीस उभे असत. दिवसा हातानं आणि रात्री कंदिलानं ते गाडीला खूण करत. तारायंत्र अजून कामाला लागलं नव्हतं, त्यामुळे पुढची गाडी पुढच्या स्टेशनात पोचली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मग वेळेवर भिस्त. एक गाडी गेली की काही मिनिटं लाल, म्हणजे मागून येणाऱ्यानं थांबावं. त्यानंतर काही मिनिटं हिरवा, म्हणजे पुढं नुकतीच गाडी गेली आहे, जपून चला. आणि त्यानंतर पांढरा, म्हणजे मार्ग मोकळा. 1841 साली बर्मिंगहॅमला वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांची माणसं जमली, तिथंही हीच वाटणी धरली गेली: लाल धोका, हिरवा सावधगिरी, पांढरा मोकळीक. त्या काळातल्या माणसाला कुणी हिरवा कंदील दाखवला असता तर त्यानं वेग वाढवला नसता, कमी केला असता.

पांढऱ्याला दोन खोडी होत्या. एक म्हणजे गावं वाढली, घरोघर आणि रस्तोरस्ती दिवे आले. त्या गर्दीत सिग्नलचा पांढरा कोणता आणि कुणाच्या खिडकीतला कोणता, हे धावत्या इंजिनावरून ओळखायचं कसं? दुसरी खोड जास्त वाईट. सिग्नलची लाल काच फुटून पडली, तर मागची ज्योत पांढरीच दिसणार. म्हणजे यंत्र मोडलं की ते ‘या, मार्ग मोकळा आहे’ असं सांगणार.

सिग्नलचा दांडाही असाच फसवा ठरला. 21 जानेवारी 1876 रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथं बर्फाचं वादळ चालू होतं. त्या काळातल्या पद्धतीनुसार सिग्नलचा हात एरवी ‘मोकळा’ या स्थितीत खांबाच्या खाचेत लपलेला असायचा आणि धोका असेल तेव्हाच बाहेर काढला जायचा. बर्फ खाचेत भरलं, तारांवर गोठलं, आणि सिग्नलवाल्यानं लिव्हर ओढूनही हात बाहेर येईनात. दिवे पांढरेच राहिले. स्कॉटलंडहून येणारी एक्स्प्रेस कोळशाच्या मालगाडीवर गेली आणि पाठोपाठ उलट दिशेनं आलेली लीड्सची एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यावर आदळली. 13 माणसं मेली. त्या चौकशीनंतर रेल्वेच्या जगात एक तत्त्व पक्कं झालं: सिग्नलची नेहमीची स्थिती ‘थांबा’ हीच असायची. कुणी मागितलं, सगळं तपासून झालं, तर तेवढ्यापुरता तो उतरायचा आणि गाडी गेली की पुन्हा ‘थांबा’. पुढं 1890च्या दशकात पांढऱ्याची हकालपट्टी होऊन मोकळ्या मार्गासाठी हिरवा पक्का होत गेला. काच फुटली तर आता पांढरा दिसणार, आणि जिथं लाल किंवा हिरवा दिसायला हवा तिथं पांढरा दिसला तर ड्रायव्हरनं थांबायचं.

म्हणजे आज आपण ज्याला मंजुरीचा रंग म्हणतो तो मुळात सावधगिरीचा रंग होता आणि अपघातांची किंमत मोजून मंजुरीच्या जागी बसला. सावधगिरीचं जुनं काम त्यानं पुरतं सोडलेलंही नाही. आमच्या नियमांच्या पुस्तकात हिरवी बत्ती स्थिर धरली तर ‘चला’. तीच वर-खाली हलवली तर ‘जपून चला’. शंटिंगमध्ये तर हिरव्याची अख्खी भाषा आहे. बत्ती सावकाश वर-खाली केली की ‘माझ्यापासून लांब जा’, अंगासमोर आडवी हलवली की ‘माझ्याकडे ये’, डोक्यावर धरून मनगटात फिरवली की ‘हळू, डबा जोडायचाय’. रात्री दौंड यार्डात अंधारात एकटी हिरवी ज्योत नाचताना दिसायची आणि पलीकडचा ड्रायव्हर शेकडो टन माल त्या नाचाच्या हुकमावर इंच-इंच सरकवायचा. हिरवा दिसला की सुटलो, असं म्हणणारा ड्रायव्हर यार्डात एक पाळी टिकला नसता.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा विलायतेत पांढऱ्याचंच राज्य होतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं इंजिनं, रूळ, सिग्नल आणि नियम तिकडूनच आणले, आणि तिकडं जसजसे बदल झाले तसतसे ते इकडंही आले. आपल्याकडं रुजला तो खाली पडणाऱ्या हाताचा सिग्नल. हात आडवा म्हणजे थांबा. तिरका खाली झुकला म्हणजे या. म्हणून आमच्या भागात ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी येतेय, आनंदाची बातमी. दौंड-मनमाड मार्गावरच्या कुठल्याही स्टेशनात बाया डोक्यावर बोचकं घेऊन बसलेल्या असत, आणि हात पडलेला दिसला की त्यांच्यातली एखादी ओरडायची, “उठा गं, शिंगल पडला!” शहरात वाढलेल्यांना ‘पडला’ या शब्दात काहीतरी बिघडल्याचा वास येतो, रेल्वेकाठच्या माणसाला येत नाही.

या हातांच्या डोळ्यांत रात्री उजेड घालायचं काम लॅम्पमनचं. दिवस कलला की रॉकेलनं भरलेले दिवे घेऊन तो निघायचा, प्रत्येक खांबाची लोखंडी शिडी चढायचा, दिवा अडकवायचा, वात बेताची करायचा आणि उतरायचा. पावसाळ्यात शिडी निसरडी, वारा दिवा विझवायला टपलेला. सिग्नलची ती हिरवी काच दिवसा जवळून पाहिली तर निळसर दिसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चक्रावलो होतो. कारण साधं आहे: रॉकेलची ज्योत पिवळी, आणि पिवळा उजेड निळसर काचेतून आला की लांबून हिरवा दिसतो. दिव्याच्या मागच्या अंगालाही एक बारीक भोक असे. हात आडवा असताना त्यातून पांढरा ठिपका स्टेशनच्या बाजूला दिसायचा. आपण ‘थांबा’ म्हणतोय ते बाहेर खरंच ‘थांबा’ दिसतंय की नाही, हे मास्तरला आपल्या जागेवरून कळावं म्हणून ही सोय.

आता हिरवा कंदील प्रत्यक्ष केव्हा दाखवला जाई, ते सांगतो. दौंड-मनमाड हा 1878 साली सुरू झालेला मार्ग, माझ्या उमेदीच्या काळात एकेरी. एकेरी म्हणजे दोन्हीकडच्या गाड्यांना रूळ एकच, ओलांडणी फक्त स्टेशनात. समजा, राहुरीला रात्री माझी मालगाडी लूपवर उभी आहे आणि समोरून पॅसेंजर यायची आहे. ती आली, थांबली, निघून गेली. आता आमची पाळी. पण आधी मास्तर पुढच्या स्टेशनला विचारणार: मार्ग मोकळा आहे का? तिकडून होकार आला तरच यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडणार. दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेनं अशी बांधलेली की दोघांच्या संमतीनं एका वेळी एकच गोळा निघतो. तो पुढच्या स्टेशनातल्या यंत्रात जाऊन पडेपर्यंत दुसरा निघत नाही. गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. तो कातडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि कडं पॉइंट्समनच्या खांद्यावर. ड्रायव्हरनं गोळा हातात घेऊन नावं वाचायची. याला म्हणतात ‘लाइन क्लिअर’. कॉलेजातली पोरं हा शब्द कशासाठी वापरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अर्थालाही दोन्ही बाजूंची संमती लागते, हे त्यांनी विसरू नये.

गोळा मिळाला. मग सांधे लावले जाणार, सांध्यांना कुलूप बसणार, आणि ते बसल्याखेरीज स्टार्टर सिग्नल उतरणारच नाही अशी लिव्हरची आतली गुंफण. स्टार्टर पडला. इकडे मी व्हॅनमध्ये गेजकडे पाहतोय; इंजिनानं ब्रेकची ताकद शेवटच्या डब्यापर्यंत पोचवली का ते काट्यावर कळतं. गाडीच्या दोन्ही अंगांवरून नजर टाकलेली, कुठं दार लोंबत नाही, कुठं ॲक्सल तापून धूर येत नाही. शेपटीचा लाल दिवा पेटलेला. दोन्ही बाजूचे साइड लॅम्प पेटलेले: ते इंजिनाकडे पांढरे दिसतात आणि मागे लाल. आता यातही एक बारकावा. मी लूपवर उभा असताना शेजारच्या मुख्य मार्गावरून त्याच दिशेची गाडी मागून येणार असेल, तर त्या बाजूचा साइड लॅम्प फिरवून मागं पांढरा करायचा, नाहीतर येणारा ड्रायव्हर माझा लाल आपल्याच मार्गावर आहे असं समजून दचकेल. आणि ती गाडी गेली की आठवणीनं पुन्हा लाल.

हे सगळं झालं की शिट्टी, आणि मग हिरवी बत्ती. बाहेर वाकून, हात ताठ, बत्ती स्थिर. पुढं लांब अंधारातून ड्रायव्हर शिट्टीनं उत्तर देतो. कपलिंगा खणखणत एकेक डबा ताणला जातो आणि तो खणखणाट पुढून मागं येत येत शेवटी माझ्या पायाखाली पोचतो. स्टेशन सोडताना ड्रायव्हर आणि गार्ड पुन्हा एकमेकांना हिरवी दाखवतात, त्याला ‘ऑल राईट’ देणं म्हणतात. फलाटावरचा माणूसही हिरवी दाखवतो आणि जाणाऱ्या गाडीचा शेवटचा दिवा बघतो. तो लाल ठिपका पुढच्या स्टेशनात दिसला तरच तिथला मास्तर म्हणणार, गाडी पुरी आली. दिसला नाही तर डबे मधेच तुटून राहिले असं धरायचं आणि मार्ग बंद.

यातून एवढंच घ्यायचं की हिरवा कंदील हा कामाचा आरंभ नव्हता. सगळी तपासणी, सगळी कुलपं, सगळे होकार संपल्यावरचा तो शेवटचा इशारा होता. शिवाय तो एकाच गाडीचा, एकाच टप्प्याचा. गाडीनं सिग्नल ओलांडला की हात पुन्हा आडवा. पुढच्या स्टेशनात पुन्हा नवा गोळा, नवा सिग्नल, नवी बत्ती. दौंडला मिळालेल्या होकारावर कुणी थेट मनमाड गाठत नसे.

घाटात तर नकार जमिनीतच पुरून ठेवलाय. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतार 37 फुटांना एक फूट. ब्रेक सुटले तर गाडी खाली मोकाट जाईल. म्हणून वाटेत कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे चढत जाणारा आणि पुढं संपणारा एक रूळ. सांधे एरवी त्या आंधळ्या वाटेलाच लावलेले असतात. उतरणाऱ्या गाडीनं अलीकडे थांबून दाखवायचं. थांबली म्हणजे ती ताब्यात आहे, मगच सांधे मुख्य मार्गाला लावून तिला वाट द्यायची. ताब्यात नसलेली गाडी आपसूक चढावर जाऊन रुतते. बोरघाटातही हीच तजवीज. भरवसा आधी सिद्ध करा, मग पुढं या, असं ते बांधकामच बजावत असतं.

आणि गाडी मधेच अडली तर? इंजिन बिघडलं, डबा तुटला, काहीही झालं आणि दोन स्टेशनांच्या मधे गाडी उभी राहिली, तर हिरवी दाखवणाऱ्या माणसानंच लाल घेऊन मागं चालत जायचं. 600 मीटरवर एक फटाका रुळावर बांधायचा, 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतरानं. मागून चुकून कुणी आलंच तर चाकाखाली ते फुटतात आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. पुणतांब्याच्या पलीकडे एका पावसाळी रात्री असा मी गेलोय. दोन्हीकडे ऊस, पायाखाली खडी, हातात लाल बत्ती, आणि अंतराचा अंदाज तारेचे खांब मोजून. उसात काहीतरी खसफसत होतं. काय ते बघायला थांबलो नाही. परत गाडीपाशी येईतो वातीतलं रॉकेल संपत आलं होतं. ती रात्र गेल्यावर हिरवी बत्ती दाखवायच्या आधी मी टाकीतलं रॉकेलही बघू लागलो.

आता वर्तमानपत्रातल्या कंदिलाकडे येतो. रेल्वेनं मराठीला बरंच दिलंय. विसकटलेला संसार रुळावर येतो, चर्चा रुळावरून घसरते, नकोसा अधिकारी सायडिंगला पडतो, राजकारणी सांधे बदलतात. ही देवघेव बहुतेक चोख आहे. रुळावरून घसरणं म्हणजे काय हे कुणी चुकीचं समजत नाही. हिरव्या कंदिलाच्या बाबतीत मात्र अर्धाच माल घरी आला. होकार तेवढा घेतला, त्याच्या आधीची तपासणी आणि नंतरचं ओझं यार्डातच राहिलं. एखाद्या पुलाला हिरवा कंदील मिळाला असं छापून येतं तेव्हा बहुधा जमीन ताब्यात आलेली नसते, पैशाची तरतूद व्हायची असते, नकाशा बदलायचा असतो. आमच्या हिशेबानं तो फार तर पुढच्या स्टेशनला केलेला पहिला फोन झाला.

झेंड्याचं तर बोलायलाच नको. हिरवा झेंडा दाखवून नवी गाडी सुटते तिथवर ठीक. पण आता सायकल फेरी, रुग्णवाहिका, प्रचाररथ, मॅरेथॉन, सगळ्यांना पाहुणे हिरवा झेंडा दाखवतात, आणि तोंड कॅमेऱ्याकडे. गार्डाचं तोंड गाडीकडे असतं. पाहुणे इंजिनापुढं उभे असतात. गार्डाची जागा शेवटी, जिथून पुरी गाडी नजरेत येते.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मराठीत हिरवा कंदील आला, लाल दिवा आला, पण पिवळा आलाच नाही. रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल आपल्याकडं 1928 साली मुंबईत व्हीटी ते भायखळा या टप्प्यात आले; तीन वर्षं आधी, 3 फेब्रुवारी 1925 रोजी, व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली होती. एव्हाना हिरव्यानं सोडलेल्या सावधगिरीच्या जागेवर पिवळा बसला होता. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव, दोन पिवळे म्हणजे त्याच्याही पुढचं बघून चाल. गर्दीच्या वेळी मुंबईच्या मोटरमनचा निम्मा जीव या पिवळ्यावर चालतो. पण आपल्या सार्वजनिक बोलण्यात एखाद्या योजनेला पिवळा कंदील मिळाला असं मी कधी वाचलं नाही. एकतर मंजुरी, नाहीतर अडवणूक. मधली ‘चला, पण बेतानं’ ही जागा रिकामीच.

खुद्द रेल्वेत ती बत्ती आता नाही. रॉकेल गेलं, लॅम्प रूमला कुलूप लागलं, तीन रंगांची बॅटरीवरची टॉर्च आली. शेपटीचा दिवा उघडझाप करतो. एकेरी मार्गांचे दुहेरी होत आहेत; गाडी पुरी आली का हे रुळाकाठची चाकं मोजणारी यंत्रं सांगतात. मुंबईच्या लोकलमध्ये गार्ड पूर्वीपासूनच घंटीवर काम भागवतो, गाडी सोडायला दोन ठोके, एसटीच्या डबल बेलसारखे. 2022च्या जानेवारीत रेल्वे बोर्डानं ‘गार्ड’ हे पदनाम काढून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला यंत्र लावून माणसाशिवाय काम चालवायच्या चाचण्याही झाल्या. याबद्दल माझी तक्रार नाही. रॉकेलच्या वासात आणि हलत्या व्हॅनमध्ये थंडीच्या रात्री काढलेला माणूस जुन्याचे गोडवे गात नाही. यंत्र डुलकी घेत नाही, आणि त्याला पुणतांब्याच्या उसात चालतही जावं लागत नाही.

फक्त एक नियम यंत्राच्या जमान्यातही कुणी बदललेला नाही आणि तो बोलण्यातल्या हिरव्या कंदिलालाही लागू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. रेल्वेत गाडी सोडण्याचा इशारा जो देतो, तो त्याच गाडीनं जातो. तो फलाटावर मागं राहत नाही. त्याची जागा शेवटच्या डब्यात, आणि मागून टक्कर झाली तर पहिला घाव त्या डब्यावर. एवढं पक्कं माहीत असलेला माणूस गेजचा काटा नीट बघतो, शेपटीचा दिवा पुन्हा एकदा तपासतो आणि मास्तरानं घाई केली तरी घाई करत नाही. त्यात त्याचा चांगुलपणा किती आणि जिवाची भीती किती, हा प्रश्न वेगळा. गाडी मात्र सुखरूप पोचते.

तेव्हा तुमच्या गावात एखाद्या पुलाला, कारखान्याला किंवा दहा मजली इमारतीला कुणी हिरवा कंदील दाखवला, तर टाळ्या जरूर वाजवा. पण त्या साहेबांना एक प्रश्न विचारायला विसरू नका: “साहेब, तुम्ही याच गाडीनं येताय ना?”